नब्राचं वटवाघळी शीड

नब्राच्या नवऱ्याला, मिरगनीला, मातीआड करून तीन दिवस होतात न होतात, तोच काठावरच्या पुरुषांनी त्याची नाव वाटून टाकली. वाटून कसली, एकाच्याच पदरात घातली. नब्राच्या दारासमोर चटया अंथरल्या होत्या, काळ्या चहाचे पेले फिरत होते. आमच्या नील नदीच्या पश्चिम काठावरचा सगळ्यांत म्हातारा नाखवा म्हणजे रईस हमदून. त्यानं मिशीवरचा चहा पुसला आणि सांगून टाकलं, "नाव खिदिरची. भावाची नाव भावाकडे जाते. यात बोलायचं काय?"

बोलायचं पुष्कळ होतं, पण बोलणारी दाराच्या आत बसली होती. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ही इद्दत. पण तोंड उघडायचं नाही असं काही कुणी सांगून ठेवलेलं नाही. "हमदूनकाका," नब्रा आतूनच म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून त्या नावेचं शीड मी शिवतेय. नाव माझी आहे."

"शिवतेस ना बाई, कोण नाही म्हणतंय? आमची सगळ्यांचीच शिडं तू शिवतेस. पण वारा बिथरला की वर कोण चढणार? तू?"

बाहेर दोघं-चौघं हसले. मयताच्या दारात हसले, हे लक्षात ठेवा; नब्रानं ठेवलं होतं.

आमच्या नावांचं शीड खालून ओढून आवरता येत नाही. डोलकाठीच्या शेंड्याला एक लांबलचक तिरकी काठी बांधलेली असते आणि शीड त्या काठीला. आवरायचं झालं तर अनवाणी पायांनी त्या काठीवर सरपटत टोकापर्यंत जायचं आणि एका हातानं कापड गोळा करत, बांधत खाली यायचं. खाली नील आणि नीलमधले काळे खडक. बापजाद्यांपासून हे असंच. जो आपल्या काठीवर स्वतः चढतो तो रईस. जो दुसऱ्याला चढवतो तो नुसता उतारू. मिरगनीही तसाच चढला होता. धुळीचा खमसीन वारा अचानक उठला, नावेत बायका होत्या, चाऱ्याचे भारे होते. तो वर गेला आणि वरून थेट खडकावर आला.

"त्या काठीनं माझा माणूस खाल्ला," नब्रा आतून कडाडली, "आणि तुम्ही विचारताय, पुढचा कोण चढणार! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"दुःखात आहे. मनावर घेऊ नका," हमदून म्हणाला आणि त्यानं आणखी एक पेला मागवला.

खिदिर म्हणजे मिरगनीचा धाकटा भाऊ. आमच्याकडे घरातल्या घरात लग्नं होतात, त्यामुळे नब्राची सासू शाया ही तिची सख्खी आत्या आणि हा खिदिर तिचा आतेभाऊ. लहानपणी याचं वाहतं नाक नब्रानं आपल्या ओढणीनं पुसलेलं. आता तोच दाराशी वाकून मोठ्या मायेनं म्हणाला, "नब्रा, त्रागा करू नकोस गं. माझ्या घरी चूल आहे, भाकरी आहे. माझ्या बायकोला हाताखाली कुणीतरी हवंच होतं. तुला काय कमी पडणार?"

"आला आयत्या बिळावर नागोबा! तुझी भाकरी तू खा आणि वर पाणी पी. मी कुणाच्या चुलीपुढे बसून राख फुंकणार नाही. ऐकलंस?"

त्याला ऐकू आलं, अख्ख्या गल्लीला ऐकू आलं. पण ऐकून काय उपयोग? नावेची रीत ठरलेली. रईस मेला की त्याची तिरकी काठी उतरवून नावेत आडवी ठेवायची आणि त्याच्या बायकोनं इद्दत संपवून नीलमध्ये तोंड धुतलं की मगच पुन्हा उभारायची. त्या दिवशी खिदिर काठी उभारणार, वर चढून दाखवणार आणि नाव त्याची होणार. नब्राच्या हातात तेवढाच उन्हाळा होता.

पहिले दोन महिने तिनं नुसता संताप केला. भांडी आपटली. पीठ मळताना परात अशी दणकावायची की शाया आत्या म्हणायची, "अगं, पिठानं काय केलंय?" दोघी बायका एका घरात, एकीचा लेक गेलेला, एकीचा नवरा. आत्या रडून मोकळी व्हायची. हिला रडूच येत नव्हतं, नुसती आग. मुली लग्न होऊन दूर उत्तरेला गेल्या होत्या. त्या निरोप धाडत होत्या, अम्मा, खिदिरकाकाचं ऐक, सुखानं राहा. सुखानं म्हणे!

मग खजूर पिकायला लागले. अंगणातल्या झाडावर घडांना जाळी बांधली होती, वटवाघळांपासून राखायला. एका सकाळी जाळीत एक अडकलेलं दिसलं. आत्यानं कानांवर हात ठेवले. "हात लावू नकोस! मेलं अशुभ. विधवेच्या अंगणात वटवाघूळ, अजून काय बघायचं राहिलंय?"

"आत्या, अशुभ व्हायचं ते होऊन गेलंय. आता त्याला काय घाबरायचं?" नब्रानं शिडी लावली आणि जाळी कापून ते ध्यान खाली आणलं. ते कडकडून तिच्या अंगठ्याला चावलं. तिनं शिवी हासडली, पण सोडलं नाही. पंख धरून हळूच ताणला, आणि ताणलेलाच धरून बसली.

शिडाचं कापड उभं आयुष्य हातातून गेलेली बाई ती. तिला जे दिसलं ते आपल्याला दिसलं नसतं. पंखात बोटं होती. लांब, बारीक बोटं, सगळी एकाच मनगटातून फुटलेली, आणि मधे कातडं. कातडं ताठ नव्हतं, बोटाबोटांमध्ये जरा सैल सोडलेलं. तिनं पंख सोडला. सर्रकन मिटला, बोटाला बोट लागून, एवढासा. पुन्हा ओढला, उघडला. सोडला, मिटला.

"आत्या," ती म्हणाली, "याला मिटायला कुणाला वर चढवावं लागत नाही बघ."

"काय बडबडतेस?"

"याचं सगळं मनगटात आहे. शिडाला मनगट केलं तर?" तिनं वटवाघूळ उडवून लावलं आणि अंगठा तोंडात धरून अंगणात फेऱ्या मारायला लागली. आत्याला वाटलं, चावल्याचं विष डोक्यात गेलं.

विष नव्हतं, शीड होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीआडच्या अंगणात जे चाललं ते काठाला कळलं नाही, कारण इद्दतीतल्या बाईच्या अंगणात पुरुष डोकावत नाहीत. बाहेर पडायची बंदी होती ना, तीच तिच्या कामी आली. खजुराच्या फांद्यांचे दांडे तिनं छपरावर टाकून उन्हात खडखडीत वाळवले. दोन-दोन जोडून, काथ्यानं आवळून, लांब बोटं केली. सगळ्या बोटांची मुळं एका जागी, काठीच्या खालच्या टोकाशी, चामड्याच्या पट्ट्यात ओवायची, हे मनगट. बोटांच्या शेंड्यांतून एक दोर, तो काठीच्या वरच्या टोकाच्या कडीतून खाली नावेत. दोर ओढला की सगळी बोटं वर जाऊन काठीला चिकटणार. सोडला की पंख उघडणार. सांगायला सोपं आहे. करताना तिनं दोनदा सगळं उसवलं. पहिल्यांदा दांडे ओलेच घेतले होते, ते वाळून धनुष्यासारखे वाकले. दुसऱ्यांदा कापड ताठ शिवलं आणि बोट मिटेना. तेव्हा तिला ते सैल कातडं आठवलं.

आत्या आधी तोंड फिरवून बसायची. "माझ्या लेकाच्या नावेवर वटवाघूळ चढवणार! मगर काढ, तारा काढ, विंचू काढ, आपल्या भिंतीवर काय शोभत नाही? हेच मेलं सुचलं?" पण दांडे आवळताना दुसरं टोक धरायला माणूस लागतंच. कुरकुरत का होईना, धरायला लागली.

माप नब्राला पाठ होतं. मिरगनीच्या काठीची लांबी म्हणजे तिच्या अंगणाच्या भिंतीवर रंगवलेल्या मगरीच्या शेपटीपासून दाराजवळच्या ताऱ्यापर्यंत. वर्षानुवर्षं ती याच भिंतीला कापड लावून शीड बेतत आली होती, नावेवर जायची गरजच पडली नव्हती. याही वेळी तिनं मगरीपासून ताऱ्यापर्यंत कापड कापलं.

इद्दत संपली. बायका तिला घेऊन नीलवर निघाल्या, गात, डफ वाजवत. डोक्यांवर गोधड्यांची वळकटी. विधवेचं अंथरूण-पांघरूण धुवायला नेतात, रीतच आहे, त्यामुळे पुरुषांनी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही. ते जुन्या उंबराखाली बाकांवर बसले होते. खिदिर नवा कोरा पांढरा झगा घालून आला होता. वर चढायचं होतं ना!

नब्रानं पाण्यात गुडघाभर उतरून तोंड धुतलं. तीनदा. मग ओल्या तोंडानंच वळली आणि म्हणाली, "उलगडा गं."

वळकटी उलगडली. गोधडीच्या आत दांड्यांसकट शीड. हमदून बाकावरून अर्धवट उठला. "हे काय? हे काय आहे?"

"माझ्या नावेचं शीड, काका."

"हे शीड? ही तर वटवाघळाची तंगडी!"

"तंगडी नाही, पंख. डोळे आले असतील तर काजळ घाला."

बायका फिस्सकन हसल्या. नब्रा नावेत चढली आणि आडव्या ठेवलेल्या काठीला शीड लावायला बसली. खालून मनगट बांधलं, कापड ओवत ओवत वर सरकली. आणि टोकाशी येऊन थांबली. कापड उरलं होतं. चांगलं हातभर कापड उरलं होतं, काठी संपली होती.

खिदिर टाळ्या पिटायला लागला. "बघा, बघा! शिवणारीण बाई! माप चुकलं! शिडाला गाढवाचा कान!" पुरुष पोट धरधरून हसले. नब्राचे कान तापले. तिचं माप आजवर चुकलं नव्हतं. मगर भिंतीवर होती तिथेच होती, ताराही तिथेच. मग काठी कशी आखूड झाली?

तिनं टोकावरून बोटं फिरवली. टोक निमुळतं नव्हतं, सपाट होतं. करवतीनं कापलेलं. वर डांबर फासलेलं. ती हात फिरवत मागे मागे आली आणि कमरेएवढ्या अंतरावर तिला डांबराखाली दोर लागला. नखांनी डांबर खरवडलं, दोर सोडला. खाली काठी उभी चिरलेली. बोट जाईल एवढी चीर.

कुणी हसेनासं झालं.

"हे कधी झालं?" तिनं विचारलं. "खिदिर, मी तुला विचारतेय. कधी मोडली काठी?"

"हिवाळ्यात," खिदिर झग्याची बाही चाचपत म्हणाला. "टोक तुटलं होतं. मग... कापून टाकलं."

"करवत कुणाची?"

खिदिरनं हमदूनकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "माझी. मिरगनीनंच सांगितलं, घरी बोलू नका, बायको जाऊ देणार नाही. आणि खरंच आहे. रईस आपल्या काठीची रड गात नाही. चढायचं म्हणजे चढायचं."

"चिरलेल्या काठीवर?"

"सगळेच चढतात, बाई. कुणाची काठी धड आहे? बोलून दाखवलं तर पोरं हसतात."

हे ऐकून नब्राला जे झालं ते सांगता येत नाही. हमदूनवरचा राग होताच, तो ओळखीचा होता. पण मिरगनीवर राग आला, मेलेल्या माणसावर, इतका की तिनं काठीवर मूठ आपटली. "माझ्याशी बोलला नाहीस!" ती त्या काठीलाच म्हणाली. "सगळ्या काठाला माहीत, मला नाही! अरे, मी रात्रंदिवस तुझं शीड शिवत होते, एक शब्द बोलायला काय झालं होतं?" आणि चार महिने जे आलं नव्हतं ते रडू तिला तिथे आलं, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत.

शाया आत्या काठावर उभी होती. ती रडली नाही. ती वाळूतून चालत हमदूनच्या बाकासमोर गेली. दोघं एका वयाची, एका पाण्यात पोहायला शिकलेली. "हमदून," ती म्हणाली, "माझ्या घरचं मीठ खाऊन तीन दिवस माझ्या दारात बसलास. चहा प्यालास. चीर माहीत होती तुला." ती वळली, नावेपाशी आली आणि काठी वर चढवायचा जाड दोर तिनं दोन्ही हातांत धरला.

"बायका दोराला हात लावत नाहीत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शिडाला आमचे हात चालतात, दोराला विटाळ होतो होय रे?" आत्या गरजली. "या गं सगळ्या! नुसत्या डफ काय वाजवताय?"

नब्रानं नाक पुसलं. मोडलेल्या हाताला बांधतात तसे चिरेच्या दोन्ही अंगांना दांडे लावून तिनं काठी करकचून आवळली. "एक गोष्ट ऐकून ठेवा," ती पुरुषांकडे पाहून म्हणाली. "या काठीवर आता माणूस चढणार नाही. कापडाचा भार तिला पेलेल. माणसाचा भार घालायचा नाही, हा माझ्या नावेचा कायदा." उरलेल्या हातभर कापडाला तिनं गाठ मारली, ती कानासारखी तशीच लोंबत ठेवली, आणि म्हणाली, "ओढा!"

बायकांनी ओढलं. लग्नात काढतात तसे जिभेचे चीत्कार काढत, टाचा वाळूत रोवत, हातांची सालटी काढत ओढलं. काठी थरथरत वर गेली. नब्रानं टोकाच्या कडीतून खाली आलेला पंखाचा दोर सैल सोडला आणि पंख उघडला. उत्तरेचा वारा कापडात शिरला, बोटाबोटांमधला सैलपणा टम्म फुगला, आणि नाव सुटली.

छान सुटली असं मी म्हणणार नाही. बिनशिडाच्या होड्या आमच्याकडे पोरीही वल्हवतात, पण शिडाची नाव चालवणं वेगळं. ती एका खडकाला घासली, एकदा उलटी फिरली, आणि काठावरून "अरे अरे" झालं. पण नब्रा वळवून आणत आणत उंबराखालच्या बाकांसमोर आली. तिथे पाणी ओढीचं, खडक जवळ, आणि वाराही त्या वळणावर बेभान. मिरगनी तिथेच पडला होता. सुकाणूशी बसल्या बसल्या तिनं दोर ओढला. बोटं वर गेली, बोटाला बोट लागलं, पंख काठीला चिकटला. नाव संथ झाली. तिनं दोर सोडला, पंख उघडला. पुन्हा ओढला, मिटला. बसल्या जागेवरून, टाच न उचलता. आणि प्रत्येक वेळी ती हमदूनकडे पाहत होती.

"चढली नाही," हमदून शेवटी म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता. "जी चढली नाही ती रईस नाही."

"नका म्हणू रईस!" पाण्यावरून उत्तर आलं. "तुमची पदवी तुम्हालाच लखलाभ. वटवाघूळ म्हणा मला. वटवाघूळ पडून मेलेलं ऐकलंय कधी?"

खिदिर त्या दिवशी चढला नाही. चढायला काठीच त्याच्या हाती उरली नव्हती. आणि रीत काय, पंचायत काय, तिचा निकाल दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळी लागला. बायका टोपल्या घेऊन आल्या आणि रांगेनं नब्राच्या नावेत जाऊन बसल्या. दुसऱ्या रईसांनी हाका मारल्या, त्या ऐकू आल्या नाहीत. शाया आत्या सगळ्यांत पुढे बसली होती, मांडीवर कोंबडी घेऊन. नब्रानं पुढे नावेच्या नाकावर भिंतीच्या चुन्यानं आणि काजळीनं एक थोरलं वटवाघूळ रंगवलं. पोरं ओरडायची, "वटवाघूळ आलं, वटवाघूळ आलं!" ती हात हलवायची.

हमदूननं मरेपर्यंत तिला रईस म्हटलं नाही. तिनंही त्याच्या शिडाला पुन्हा टाका घातला नाही.

दोन-तीन उन्हाळे गेले. खिदिरनं कुठून तरी एक जुनी नाव मिळवली. एक दिवस तो कापडाचा तागा खांद्यावर टाकून नब्राच्या दारात आला आणि उंबऱ्याशीच घोटाळत राहिला.

"काय रे? नाक पुसायचंय का?"

"थट्टा नको गं, नब्रा. तुझ्यासारखं शीड शिवून दे." मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "परवाच्या वाऱ्यात मला चढवेना. अर्ध्यावर जाऊन काठीला मिठी मारून राहिलो. कुणाला सांगू नकोस."

"हेच, कुणाला सांगू नकोस," नब्रा म्हणाली. "चल. आधी काठी दाखव."

"काठी ठीक आहे. तू माप घे नुसतं. मगरीपासून..."

"मगरीवर माझा विश्वास राहिला नाही. काठी वाळूत ठेव."

त्यानं काठी उतरवून वाळूत आडवी ठेवली. नब्रा तिच्या एका टोकाशी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात फिरवत, सरकत सरकत निघाली. मधल्या भागात डांबर लागलं. ती थांबली. खिदिर दुसरीकडे बघायला लागला. तिनं डांबर खरवडलं, खालचा दोर सोडला. वळून घराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "आत्या! जरा खाली ये."

शाया आत्या आधाराची काठी टेकत टेकत आली. आता तिला नीट दिसत नव्हतं. नब्रानं तिचा हात धरला, वाळूत बसवलं आणि तिचं बोट उचलून त्या चिरेत ठेवलं.

म्हातारीचं बोट चिरेवरून पुढे गेलं, परत आलं. तिनं मान वर केली, अंधुक डोळ्यांनी लेकाला शोधलं आणि त्याचा झगा मुठीत घट्ट धरला. "नब्रा," ती म्हणाली, "कुऱ्हाड आण. आज हिच्यावर भाकरी भाजते मी."

नब्रा कुऱ्हाड आणायला घरात गेली.